बसूच्या लढवय्याची दुसरी विद्या

शिंप्याच्या टेबलाखाली कातरण साठतं, तसे आमच्या कंपूचे किस्से साठलेत. रोज झाडलं तरी एखादी चिंधी पायाला चिकटतेच. मी सातवी नापास. मला लिहायला लावलं ही या लोकांची चूक, त्यांनी भोगावी.

कानडी मुलखात, चामराजपेटेत असलेलं माझं दुकान रविवारी बंद असतं. शटर अर्धं खाली ओढून आम्ही चार-पाच म्हातारे-तरुण कटिंगच्या टेबलाभोवती राक्षस मारत बसतो. हे खूळ निखिलचं. निखिल पुण्याचा, सर्जापूर रोडला राहतो, कंप्युटरवर पोट भरतो. लग्नातला कोट सैल करायला आला आणि कोट सोडून माझं टेबलच बघत बसला. "मामा, एवढं मोठं टेबल रविवारी रिकामं असतं?"

तेव्हापासून तो आमचा मास्तर. मास्तर गोष्ट सांगतो, समोर गुहा आहे म्हणतो. आपलं पात्र काय करणार ते आपण सांगायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. नकाशा माझ्या खडूनं काढायचा. पात्रं म्हणजे बटणं, राक्षस म्हणजे हूक. ड्रॅगन म्हणून माझी इस्त्री. पडलेल्या पात्राचं बटण पालथं घालायचं.

मी चोर. मला वेगळं काही शोभलंच नाही म्हणे. शेजारी उदबत्तीचं दुकान चालवणाऱ्या सुधाअक्का जादूगार. त्यांचे यजमान रघुअण्णा वैद्य, जखमींना बरं करणारे. आणि बसू लढवय्या. हा निपाणीचा, के. आर. पुरमला राहतो, लिफ्ट दुरुस्त करतो. निखिल आपल्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये अडकला होता. बसूनं दार उघडेपर्यंत निखिलनं आतूनच बोलून त्याला लढवय्या करून टाकलं होतं.

*

एका रविवारी टेबलावर गिऱ्हाइकाचं पँटचं कापड पसरलेलं राहिलं. मास्तरनं त्याच्यावरच गुहा काढली. सोमवारी सकाळी मी चष्मा न लावता कात्री उचलली आणि दिसली त्या खडूच्या रेषेवरून निघालो. अर्ध्यात आल्यावर मनात आलं, या गिऱ्हाइकाचा गुडघा असा तीन ठिकाणी कसा वळतो?

पँट दुसऱ्या कापडातून शिवून दिली. गुहेची मास्तरला पिशवी करून दिली. फासे तो अजून त्यातच आणतो.

*

रघुअण्णांना मंत्र काही पाठ होत नसत. बसू पहिल्यांदा जखमी होऊन पडला, तेव्हा मास्तर म्हणाला, "अण्णा, वैद्य बरं करताना काहीतरी करतो. हात ठेवतो, प्रार्थना म्हणतो. तुम्ही काय करता?"

अण्णांनी इकडेतिकडे बघितलं. समोर त्यांचा कॉफीचा ग्लास होता. तो उचलून त्यांनी बसूच्या रिकाम्या ग्लासात अर्धी कॉफी ओतली.

"बाय-टू," म्हणाले. हॉटेलात एक कॉफी दोघांत मागतात, तसं.

मास्तरला ते चाललं. मग रीतच पडली. कुणी पडलं की अण्णा आपली कॉफी वाटायचे, मग फासा पडायचा. मी दर रविवारी मुद्दाम मार खायचो. अण्णांना सगळं कळायचं. "चोराच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही," असं म्हणायचे आणि म्हणता म्हणता ओतायचे.

*

अण्णा गेल्यावर टेबल बरेच दिवस नुसतं कापडालाच कामी आलं. मग एका रविवारी अक्का आपणहून आल्या. शटरखालून वाकून आत शिरल्या, डब्यातून आपलं लाल बटण काढलं आणि गुहेच्या तोंडाशी ठेवलं. "सरी, बरं, पुढे काय?"

अण्णांचं पांढरं बटण डब्यातच राहिलं. त्याला हात लावायची आमची हिंमत झाली नाही.

वैद्य नसलेली टोळी म्हणजे अस्तर नसलेला कोट. दिसतो ठीक, थंडीत कळतं. त्यातच बसूच्या लढवय्याची पायरी वाढायची वेळ आली. अशा वेळी दोन रस्ते असतात. आपल्याच विद्येत एक पायरी वर चढायचं, नाहीतर दुसऱ्या विद्येच्या पहिल्या पायरीवर जाऊन उभं राहायचं. याला हे लोक मल्टीक्लास म्हणतात. वर चढला तर बसूला एका पाळीत दोन वार मिळणार होते. दोन वारांसाठी तो पहिल्या दिवसापासून झुरत होता. वैद्यकीची पहिली पायरी घेतली तर दोन वार लांब गेले.

मास्तर म्हणाला, "दोन्हीत अर्धवट राहशील."

अक्कांनी डब्याचं झाकण लावलं.

मला यातलं थोडं कळतं. मी जन्मभर कोट शिवले. माझ्या धाकट्या भावानं कोट शिवता शिवता ब्लाउज धरले. कोटवाले म्हणाले, याचा हात बिघडला. ब्लाउजवाल्या म्हणाल्या, हा तर कोटवाला. पण शेजारच्या मुलीचं लग्न अंगावर आलं आणि तिचा टेलर पळाला, तेव्हा अख्ख्या गल्लीत दार फक्त त्याचंच वाजलं. माझं कुणी वाजवलं नाही.

*

बसूला मी एक नियम सांगितला. वैद्य होणाऱ्यानं त्या रविवारी उपास धरायचा असतो.

बसू उपाशी आला. आमच्यासमोर तट्टे इडलीच्या प्लेटा, आणि हा पाणी पीत बसलेला. शेवटी मास्तरनं विचारलं, "बसू, खात का नाहीस?"

"नियम आहे ना."

"कसला नियम?"

बसूनं माझ्याकडे बघितलं. अक्का म्हणाल्या, "या माणसाचं ऐकून अजून कुणाचं भलं झालेलं नाही. खा."

मी हसलो खरा, पण मग डोक्यात आलं. ज्याला दोन वार हवेत तो उपाशी कशाला बसेल?

निघताना मी त्याला शटरपाशी गाठलं. "तुझं तर ठरलंय. मग अडलंय कुठे?"

"अक्कांना काय वाटेल, मामा? अण्णांच्या जागेवर बसलो असं वाटलं तर?"

"विचार की."

"कसं विचारू?"

मी शटर ओढलं आणि कुलूप लावलं.

*

त्यानंतरच्या रविवारी इस्त्री टेबलावर आली. ड्रॅगननं आग ओकली आणि अक्कांची जादूगार कोसळली. लाल बटण पालथं पडलं. माझा चोर खांबामागे लपलेला. तो नेहमीच तिथे असतो. ड्रॅगनही अर्धमेला झाला होता. एका वारानं मरत नव्हता, दोन वारांनी नक्की मेला असता.

"बसू, तुझी पाळी," मास्तर म्हणाला. "आता ठरवावं लागेल. दोन वार की वैद्य?"

बसूनं इस्त्रीकडे बघितलं. माझ्या जिभेवर एक चांगला टोमणा तयार होता, तो मी गिळला.

मग बसूनं आपला कॉफीचा ग्लास उचलला आणि अक्कांच्या रिकाम्या ग्लासात ओतायला लागला. थोडी कॉफी खडूच्या गुहेवर सांडली. अर्ध्यावर येऊन तो थांबला.

अक्कांनी ग्लास उचलून आत बघितलं.

"एवढीच?"

"बाय-टू ना, अक्का. अर्धी."

"ते अर्ध्याच्या स्वल्प वर द्यायचे."

बसूनं ग्लास पुन्हा कलता केला. अक्कांनी कॉफी पिऊन संपवली, पदरानं ओठ टिपले आणि आपलं लाल बटण उलटून सरळ केलं.

"मास्तर, बघत काय बसलायस? फासा दे त्याला."