नकाशावर आमची गल्ली हिरवीच होती

श्रावण संपत आला की केडगावातल्या आमच्या घराशेजारचा रिकामा प्लॉट गाजरगवताने भरतो आणि माझी बायको खिडक्या लावून घ्यायला लागते. प्लॉटचा मालक पुण्यात असतो म्हणे. बारा वर्षांत त्याला मी एकदाही पाहिलेलं नाही, त्याचं गवत मात्र रोज पाहतो. पांढरी बारीक फुलं आली की बायकोला आधी शिंका, मग डोळ्यांना खाज, आणि आठवड्याभरात छातीत शिट्टी वाजायला लागते. मग ती बॅग भरून पुणतांब्याला थोरल्या बहिणीकडे जाते आणि थंडी पडल्यावर परत येते.

गेल्या वर्षी तिने जाहीर केलं, "यंदा मी जाणार नाही. दर वर्षी काय पाहुणी म्हणून राहायचं? ताईची सून तोंडाने काही बोलत नाही, पण चहाचा कप ठेवताना कळतं. तुम्ही गवताचं बघा."

म्हणजे फुलं यायच्या आत गवत निघायला हवं होतं. जेमतेम तीन आठवडे हातात होते. मजूर लावावेत तर प्लॉटला तारेचं कुंपण, फाटकाला कुलूप, आणि पूर्वी कुणी आत शिरलं म्हणून मालकाच्या मेहुण्याने पोलिसांत अर्ज दिलेला. तेव्हा मी रीतसर अर्ज लिहून जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात गेलो.

तिथला तरुण अधिकारी अतिशय सभ्य होता. सभ्य माणसाशी भांडता येत नाही, हा माझा जुना अनुभव आहे.

"सर, आता आपण तक्रारीवर गवत काढत नाही," तो म्हणाला. "डेटावर काढतो."

त्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर जिल्ह्याचा नकाशा होता. परागकणांचा त्रास झाला की माणूस इंटरनेटवर त्याबद्दल शोधतो. कुठल्या भागातून किती जणांनी शोधलं ते मोजायचं. जिथे जास्त तो भाग लाल, आणि लाल भागात गवत काढणारी टोळी पाठवायची. केडगावातला आमचा भाग पोपटी हिरवा होता.

"तुमच्याकडे कुणाला त्रासच दिसत नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात अभिनंदन होतं.

मी म्हणालो, "माझ्या बायकोला आहे."

"त्या शोधतात का?"

"ती रुमाल शोधते."

तो हसला, मला योजनेच्या उद्घाटनाची पत्रिका दिली आणि चहा मागवला.

उद्घाटन भिंगारमधल्या एका सभागृहात होतं. मी गेलो. पहिला दीड तास सत्कारांत गेला. हारांतल्या झेंडूमुळे पहिल्या रांगेतले दोघे सारखे शिंकत होते, पण ती नोंद कुणी घेतली नाही. मग मुख्य वक्त्यांनी सर्वांना मोबाईल बाहेर काढायला लावले. "आत्ताच्या आत्ता शोधा, परागकण ॲलर्जी! बघा, विज्ञान कसं जिवंत होतं!" सगळ्यांनी शोधलं. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी दोनदा शोधलं, कारण पहिल्यांदा फोटो नीट आला नव्हता.

चार दिवसांनी कार्यालयात गेलो तेव्हा भिंगारमध्ये सभागृहाच्या जागी लालभडक ठिपका होता आणि टोळी तिकडे गेलेली होती. त्या सभागृहाला चारी बाजूंनी फरशी आहे. टोळीने हिरवळीचा एक चौकोन होता तो कापून आणला.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढली. काउंटरवर येणारा माणूस पुस्तकाचं नाव कधीच सांगत नाही. तो म्हणतो, "ते निळ्या कव्हरचं द्या," किंवा "मागच्या वर्षी माझ्या मित्राने नेलेलं." विषयवार सूची आम्ही घासूनपुसून ठेवत होतो, आणि ती फक्त तपासणीला येणारे साहेबच उघडत. तेव्हा मी अधिकाऱ्याला विचारलं, कुठले शब्द मोजता? त्याने यादी दाखवली. परागकण ॲलर्जी, पराग ज्वर, ऋतुजन्य नासिकादाह. इंग्रजी यादीवरून समितीने भाषांतर केलं होतं. आमच्या गल्लीत नासिकादाह कुणालाच नव्हता. धूळ लागलेली, सर्दी मुरलेली, धाप भरलेली माणसं मात्र घरटी एक होती, आणि ती सगळी नाक्यावरच्या मेडिकलवाल्या चाचांकडे जात.

चाचांना विचारलं. ते म्हणाले, "सर, गवत फुललं की मला कॅलेंडर लागत नाही. सकाळी शटर वर करायच्या आधी चार जण उभे असतात. नुसतं नाक दाखवतात, मी गोळी देतो."

हे मी अधिकाऱ्याला सांगितलं. मेडिकलवाल्यांना विचारा, एका फोनचं काम आहे. तो मनापासून हळहळला. "सर, पण तो डेटा नाही ना. ते ऐकीव झालं."

आता दहा दिवस राहिले होते. शेवटी बायकोच म्हणाली, "मग गल्लीला शोधायला सांगा की. तुमचं तत्त्व तुम्ही नंतर धुऊन वाळत घाला."

मी नासिकादाह हा शब्द चिठ्ठ्यांवर लिहून घरोघर गेलो. इतकं शरमेचं काम मी नोकरीतही केलं नव्हतं. समोरच्या मावशींनी दारातच थांबवलं. त्या पाथर्डीकडच्या, आणि गल्लीत सगळ्यात जास्त शिंका त्यांच्याच.

"मला काय झालंय ते मला ठाव हाय. मोबाईलला कशाला इचारू?"

"मावशी, गवत काढायला येतील."

"मोबाईलला इचारल्यावर? आन् गवत दिसत न्हाई व्हय त्यांना? रस्त्यावरून दिसतंय की!"

मी चिठ्ठी त्यांच्या दाराच्या कडीत अडकवून पुढे गेलो. पण त्यांच्या सुनेने शोधलं, चाचांच्या घरी सगळ्यांनी शोधलं, कोपऱ्यावरच्या क्लासच्या पोरींनी तर रोज शोधायचं मनावर घेतलं. नकाशावर आमची गल्ली पिवळी झाली, मग नारिंगी. लाल झाली तोवर गवत फुललं होतं. बायको खिडक्या बंद करून, नाकाला ओढणी बांधून घरात बसत होती, आणि तरी जायचं नाव काढत नव्हती.

एका सकाळी अकराच्या सुमाराला टोळी आली. आधी बॅनर लागला, मग फोटो निघाला, मग फाटकाचं कुलूप तोडलं. मग त्यांनी खांद्यावरची कापणी यंत्रं सुरू केली. मी धावत गेलो. फुललेलं गाजरगवत यंत्राने कापणं म्हणजे सगळे परागकण हवेत उधळणं. ते ओलं करून मुळासकट उपटावं लागतं, आणि तेही फुलायच्या आधी.

मुकादम म्हणाला, "काका, गवत काढा म्हणून तुम्हीच मागं लागला होता ना? आता नको म्हणता?"

"काढा म्हणालो होतो. उडवा नाही."

"आम्हाला कापायची ऑर्डर हाय. उपटायची येगळी."

यंत्रं तासभर चालली. भुरकट धूळ आमच्या गच्चीवर, दोरीवरच्या कपड्यांवर, पाण्याच्या टाकीवर बसली. बायकोला दुपारी बोलता येईना. रिक्षाने दवाखान्यात नेलं, वाफारा दिला, दोन तासांनी तिचा श्वास सुटा झाला. डॉक्टरांनी विचारलं, असं अचानक कशाने झालं? तिने माझ्याकडे बोट दाखवलं. अन्याय होता, पण पुराव्यानिशी होता.

दुसऱ्या दिवशी मी तिला पुणतांब्याला सोडून आलो.

आठवड्यात कापलेल्या बुंध्यांना नवे फुटवे आले. नकाशावर आमची गल्ली पुन्हा हिरवी होती, काम पूर्ण म्हणून. फाटकाचं कुलूप मात्र तुटलेलंच राहिलं. मी जाड हातमोजे चढवून रोज सकाळी दव असतानाच आत जाऊ लागलो आणि एकेक बुंधा मुळासकट ओढू लागलो. दुसऱ्या दिवसापासून मावशीही आल्या, विळा न आणता, नाकाला पदर बांधून. मालकाच्या मेहुण्याने अजून अर्ज दिलेला नाही.

बायकोचा फोन आला.

"किती झालं?"

"निम्मं."

"आणि फुलं?"

"कडेच्या दोन रांगांना आहेत."

"मग मला ये म्हणू नका."

"मी म्हणालो का?"

"म्हणणार होतात."

तिच्या आवाजात शिट्टी नव्हती. मी हातमोजे धुऊन दोरीवर वाळत घातले.