बिऱ्हाडासाठी घेतलेली गाडी

लढाई संपली आणि मिरजेच्या स्टेशनामागच्या मैदानात लष्करानं काढून टाकलेल्या गाड्या विकायला उभ्या राहिल्या. माझ्या मालकांचा तंबूतला सिनेमा होता. सातारा-सांगलीकडच्या जत्रांतून आम्ही फिरायचो. मी वऱ्हाडातला, चौथीतच शाळा सुटलेला, त्यांचा ड्रायव्हर. हिवतापानं मिरजेच्या फलाटावर पडलो होतो, तेव्हा मालकीणबाईंनी, म्हणजे वहिनींनी, पेज पाजून मला उठवलं. तेव्हापासून त्यांचं बिऱ्हाड तेच माझं घर. म्हणून त्या वाईला माहेरी जाऊन राहायचं बोलू लागल्या तेव्हा माझंच घर मोडतंय असं वाटलं. दोन हंगाम त्या पडद्यामागे, लोकांच्या पानाच्या पिचकाऱ्यांत अंथरूण घालत होत्या. निजायला बंद खोली झाली तरच यंदा येईन, असं त्यांनी बजावलं होतं. मग गाडीतच खोली करायचं ठरलं.

घेण्याजोग्या गाड्या दोनच. एक जखमींना नेणारी. दोन्हीकडे फळ्या, झडपांच्या खिडक्या. पण फळीवरचा काळपट डाग बघून वहिनींनी पदर नाकाला लावला. यात माणसं मेली असणार, इथं मी चूल मांडू का, म्हणाल्या.

दुसरी उंच पेटीसारखी, आतून पत्रा मारलेली. मी डोकं आत घातलं आणि उमासाच आला. खवट चरबीचा वास जिभेवर बसला. यातनं मटण नेत होते, असं मी मालकांना स्पष्ट सांगितलं.

विकणारा हसला. "आवं मालक, ह्यो डायवर हाय का सोवळी आत्याबाई? मटण काय, धुतलं की गेलं. मढ्याचा इटाळ जातोय व्हय?"

मालकांना ते पटलं. वहिनीही म्हणाल्या, शेणानं सारवली की शुद्ध होईल. कांदासुद्धा चातुर्मासात न खाणारं घर ते! मी पुन्हा बोलून पाहिलं, पण पगारी माणसाचं कोण ऐकतो.

सांगलीत गाडी राखेनं घासली, तळापासून भिंतीपर्यंत शेणानं सारवली. मातीवर शेण बसतं. पत्र्यावर कसं बसणार? कवठे महांकाळला पोचेतो चैत्राच्या उन्हानं पत्रा तापला. सांध्यांतली जुनी चरबी वितळून पाझरू लागली, शेणाची खपली घसरून पडली आणि तिच्याखाली पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. एक पिठाच्या परातीत चढली. वहिनी खाली उतरून चाकाशी ओकल्या. मालक मलाच बोलत होते, गाडी सावलीत का लावली नाही म्हणून.

उद्याच वाईला जाते, वहिनी म्हणाल्या. ती जखमींची गाडी अजून तिथंच असेल, फिनेलनं डाग जाईल, एवढं मी कसंबसं बोललो.

वहिनींनी तोंड धुतलं, मालकांकडे बघितलं.

"तुमच्या आई माजघरातच वारल्या. तेराव्याला तिथंच पंगत वाढली मी. तेव्हा कुठं घर टाकलंत?"

मालकांनी पुन्हा सावलीचंच काढलं.

"मिरजेला चला. आणि तुम्ही मागं बसा."

मालकांना त्यांनी त्या डब्यात बसवलं आणि स्वतः पुढं माझ्याशेजारी बसल्या. वाटेत आतून पत्र्यावर थापा पडू लागल्या. मी ब्रेकवर पाय नेला.

"थांबू नकोस," वहिनी म्हणाल्या.