साडेचार चांदण्यांची बोट

चूक बाबूकाकांची होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकलंत की तुम्ही सगळे माझ्यावरच घसरणार. आणि आता काय सांगू, नुसती आठवण काढली तरी अजून तळहात ओले होतात. हसू नका!

बाबूकाका म्हणजे सातपाटीतले निवृत्त मास्तर, तिथल्या एका छोट्या वाचनालयाचे अध्यक्ष. नोकरीतून उतरले, पण मास्तरपण अंगातून उतरलं नाही. रिक्षावाल्याला सुट्टे पैसे देतानाही विचारतात, ‘‘हातचा एक धरलास का?’’

आणि मी सरावलीचा. वडील औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात बॉयलरवर. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा दुसऱ्या वर्षाच्या मध्यात सोडला. का सोडला, ते घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसानं आपापल्या सोयीनं ठरवून टाकलंय. मला अजून कुणी विचारलेलं नाही. मग मी परदेशी सिनेमे बघतो. त्यात निदान माणसं एकमेकांना विचारतात तरी.

बघून झाला की स्टेटसला मत टाकतो. दोन ओळी आणि चांदण्या. नमुना देतो.

‘कोरियन. बहीण भावाला दोन तास शोधते, सापडल्यावर पस्तावते. चिखलातली मारामारी बघता बघता माझा भात गार झाला. चार चांदण्या.’

‘इराणी. पाण्याच्या मोटरीवरून घरमालक आणि भाडेकरू भांडतात. दोघंही बरोबर आहेत, हाच सगळा वैताग. साडेचार.’

‘फ्रेंच. एक कुटुंब दोन तास जेवतं आणि उठेपर्यंत कुणी कुणाशी धड बोलत नाही. असलं जेवण आमच्याकडे रोज असतं. दोन.’

शेवटच्या मतानंतर वडील आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. म्हणजे मत बरोबरच होतं!

तर ही मतं सातपाटीचा माझा मित्र दर्शन वाचायचा. डिप्लोमाला माझ्या शेजारी बसायचा तो. त्याच्या फोनवरून ती बाबूकाकांनी वाचली आणि जुलैच्या शेवटी मला बोलावून घेतलं.

‘‘सोमवारी बोटी निघणार,’’ ते म्हणाले. ‘‘रविवारी दुपारी समाजमंदिरात प्रोजेक्टर लावू. बायका त्या मालिका बघून बघून वाया गेल्यात. काहीतरी जागतिक दाखव. दर्याचं.’’

‘‘आहे की काका! आइसलँडचा. म्हातारा तांडेल, बर्फ, बोट. साडेचार दिलेत मी.’’

‘‘स्वच्छ आहे ना?’’

‘‘काका, तिकडं एवढी थंडी, कपडे कोण काढतंय?’’

झालं. स्वच्छ आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. कोण मरतं का, हे विचारलं नाही. आता सांगा, चूक कुणाची?

रविवारी दुपारी मी आधी दर्शनच्या घरी गेलो. मासेमारीची पावसाळी बंदी संपलेली, घरात धांदल. त्याचे वडील दामूकाका बोटीचे तांडेल, म्हणजे कप्तान. ते बर्फ भरायला बंदरावर गेले होते. एक खलाशी आला नव्हता म्हणून यंदा दर्शनही बोटीवर जाणार होता, पहिल्यांदाच. त्याची आई, हिरूकाकी, बोटीच्या पूजेचं ताट लावत होती. तिनं चहा दिला. मी बिस्कीट कपात धरलं आणि ते तुटलं.

‘‘गेलं! बुडालं,’’ मी म्हणालो.

काकीचा हात ताटावरच थांबला.

‘‘काय बोललास?’’

‘‘बिस्कीट, काकी.’’

‘‘आज या घरात त्यो शबूद नाय काडायचा. भिजला म्हन. विरगळला म्हन. उद्या माजा नवरा नि पोर दर्यावर हाय.’’

मी मनात म्हटलं, काय ही माणसं! घरात दोन-दोन स्मार्टफोन आणि बिस्किटाला घाबरतात. तोंडानं म्हटलं, ‘‘विरघळलं, काकी.’’

चार वाजता समाजमंदिर भरलं. खिडक्यांना ताडपत्र्या लावलेल्या. सगळ्या बायकाच; पुरुष बोटींवर. खाली इंग्रजी अक्षरं येणार, ती मी वाचून माईकवरून मराठीत सांगायची, असं बाबूकाकांनी परस्पर ठरवलेलं. मला ठेवलं पडद्याच्या शेजारी उभं आणि स्वतः पहिल्या रांगेत बसून पाच मिनिटांत घोरायला लागले.

सुरुवात काय रंगली म्हणता! पडद्यावर म्हातारा तांडेल मासा उचलतो, तर मागून आवाज, ‘‘अगो, मासा कसा धरलाय बग, जावयाला धरल्यासारका!’’

बर्फाचे डोंगर दिसले. ‘‘त्यांना बर्फ फुकट गो! आमाला लादी लादी विकत घ्यायला लागते.’’

म्हाताऱ्याची बायको खिडकीत दिवा ठेवते. म्हातारा आणि मुलगा बोटीवर चढतात. सगळ्या बायका पुढं सरकून बसल्या. मी माईकवर असा काही गहिवरून बोलत होतो, की मला मीच आवडायला लागलो.

आणि पडद्यावर वारा सुटला.

इथं तुम्हाला एक सांगायला पाहिजे. कुणाला बोलू नका. मी तो सिनेमा चाळीस मिनिटंच बघितला होता.

डेटा संपला होता हो! दुसऱ्या दिवशी आला, तोवर मला कोरियन बहीण खुणावत होती. आणि शितावरून भाताची परीक्षा होते, असं तुम्ही मोठी माणसंच सांगता ना? मी चाळीस मिनिटांवरून साडेचार चांदण्या दिल्या. वर लिहिलं होतं, ‘शेवट अंगावर येतो.’

म्हणजे आता पुढं काय होणार, ते हॉलमधल्या बायकांना माहीत नव्हतं आणि माईक धरलेल्या माणसालाही माहीत नव्हतं!

पहिली लाट बोटीवरून गेली. हॉलमधली कुजबुज थांबली. तांडेल वायरलेसवर ओरडायला लागला. खाली अक्षरं आली, बोटीत पाणी शिरतंय.

‘‘ते म्हणतायत,’’ मी माईकवर म्हणालो, ‘‘पाणी भरून घेतोय. प्यायला.’’

‘‘दर्याचं?’’ हिरूकाकीनं दुसऱ्या रांगेतून विचारलं.

‘‘तिकडं गोडं असतं.’’

‘‘कोन बोलला तुला?’’

दुसरी लाट आली आणि पडदा काळा झाला. मी देवाचं नाव घेत नाही, पण त्या क्षणी वीज जावी म्हणून कुणाकुणाला हाका मारल्या असतील! पावसाळ्यात आमच्याकडे शिंकलं तरी वीज जाते. त्या दिवशी गेली नाही.

पडदा उजळला. देऊळ त्यांचं, आणि सगळं गाव काळ्या कपड्यांत उभं. म्हाताऱ्याची बायको मधोमध.

‘‘हे काय चाललंय?’’ मागून कुणीतरी विचारलं.

‘‘लग्न,’’ मी म्हणालो.

‘‘काळी कापडं घालून?’’

‘‘पद्धत आहे तिकडं.’’

‘‘नि नवरी कुठं हाय?’’

‘‘पार्लरला.’’

‘‘मग सगली रडतात का?’’

‘‘पाठवणी आहे.’’

‘‘नवरी यायच्या आदीच?’’

कुणीही हसलं नाही. तुम्हाला हसू येतंय, पण तिथं एक बांगडी वाजत नव्हती. माईक माझ्या हातातून घामानं सटकत होता. दीडशे डोळे, आणि त्यातले पडद्याकडे कमी, माझ्याकडे जास्त. मग म्हाताऱ्याची बायको घरी आली. खिडकीपाशी गेली. तिनं फुंकर मारून दिवा विझवला.

खाली एकही अक्षर आलं नाही. मला सांगायला खोटंसुद्धा उरलं नाही.

हिरूकाकी उठली. ‘‘हां, पुडचं नको सांगू, पोरा,’’ ती म्हणाली. ‘‘याला भाषा नाय लागत.’’

ती बाहेर गेली. तिच्यामागं एक, मग रांग, मग सगळा हॉल. खुर्च्यांच्या आवाजानं बाबूकाका जागे झाले, पडद्याकडे बघून त्यांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. ‘‘उत्तम! उत्तम! आता आभार!’’

मी प्रोजेक्टर बंद केला. दारात दर्शन उभा होता.

‘‘तू पूर्ण बघितला होतास ना रे?’’

मी मान हलवली. वरून खाली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात घाणेरडी मान हलवली मी.

बोट थांबेल असं मला वाटलं होतं. काकीनं म्हणे रात्री नवऱ्याला एकदाच सांगितलं, उद्या नका जाऊ. दामूकाका म्हणाले, ‘‘बर्फ भरलाय. शिनेमा बगून बोट बांदली, तर त्यो बर्फ काय मास्तरच्या डोक्यावर ठेवू?’’ आणि सोमवारी पहाटे गेले. दर्शनला घेऊन.

फेरी पाच दिवसांची. सहाव्या दिवशी बाकीच्या बोटी आल्या. यांची आली नाही. त्याआधीचे तीन दिवस त्यांचा वायरलेसवर आवाज नव्हता.

बोट गेल्या दिवसापासून मी रोज सरावलीहून पालघर आणि पालघरहून एसटीनं सातपाटी करत होतो. घरी सांगितलं, नोकरी शोधतोय. वडिलांना एवढा आनंद झाला, की त्यांनी डबा दिला! तो डबा घेऊन मी बंदरावर बसायचो. घास उतरायचा नाही. डोळे मिटले की ती काळी कापडं दिसायची, आणि त्यात हिरूकाकी मधोमध. काकी माझ्याशी बोलत नव्हती. बाकीच्या बायका माझ्या बाजूनं जाताना पदर आवरून जायच्या. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला शिव्यांची सवय आहे.

सातव्या दिवशी दुपारी पश्चिमेला आभाळ काळंभोर झालं. बंदरावर जवळपास कुणी नव्हतं. आणि मी, जो वडिलांच्या गुरुवारच्या उपासाला हसतो, तो मी, उठून उभा राहिलो, दर्याकडे बघून हात जोडले आणि मोठ्यानं म्हणालो, ‘‘आई, बोट येऊ दे! मी परत आयुष्यात काही म्हणजे काही अर्धं सोडणार नाही!’’

‘‘अर्दं म्हंजे?’’

मागं हिरूकाकी. रिकामी पाटी कमरेला.

‘‘काय अर्दं सोडलंस?’’

सांगितलं. सगळं. चाळीस मिनिटं, डेटा, चांदण्या. आता कानाखाली बसणार म्हणून मी डोळेही मिटले.

‘‘म्हंजे तुलाच ठावं नव्हतं पुडं काय हाय. नि माईक घेऊन उबा राहिलास?’’

‘‘हो, काकी.’’

तिनं पाटी कमरेवरून खाली घेतली.

‘‘मास्तरला ठावं हाय?’’

‘‘नाही.’’

‘‘त्याला कदी काय ठावं असतं!’’ म्हणाली, आणि पाटी उपडी घालून माझ्या शेजारी बसली. आम्ही दोघं बसून राहिलो. तिनं माझ्या डब्यातली एक चपाती खाल्ली, एक मला खायला लावली.

चारच्या सुमाराला खाडीच्या तोंडाशी एक बोट दिसली. तिच्यामागं दोरानं बांधलेली दुसरी. काकी उभी राहिली. डोळ्यांवर हात धरून तिनं मागच्या बोटीच्या झेंड्याचा रंग बघितला आणि खाली बसली. मला वाटलं वाईट बातमी, आणि मी रडायलाच लागलो. म्हणजे ती हसत होती आणि मी भोकाड पसरलं होतं!

बोटीच्या खालच्या पंख्यात कुणाचं तरी तुटकं जाळं गुंतलेलं आणि वायरलेसची बॅटरी बसलेली, एवढंच. दर्शन काळवंडून उतरला. काकीनं विचारलं, ‘‘जेवलात का?’’ दामूकाका उतरले आणि थेट माझ्यापाशी आले.

‘‘काय रे शिनेमावाल्या, त्या म्हाताऱ्याचा शेवटी काय झाला? या पोरानं गोष्ट अर्दीच सांगितली. चार दिस लाटेवर हेच डोक्यात, वाचला का म्येला.’’

मला माहीत नव्हतं! अजूनही नव्हतं!

मग संध्याकाळी त्यांच्या ओटीवर दर्शनच्या फोनवर उरलेला सिनेमा लावला. बायका उठून गेल्या तिथून पुढं बारा मिनिटं शिल्लक होती. बारा. त्यात काय झालं सांगू? दारावर थाप पडते. दाढीत बर्फ घेऊन म्हातारा उभा, मागं मुलगा. बायको आधी त्याला फडक्यानं झोडपते आणि मग दिवा लावते.

सगळ्यांनी सिनेमाकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

‘‘बारा मिन्टं,’’ हिरूकाकी म्हणाली. ‘‘बारा मिन्टं बसा म्हनाला असतास, तर मी सात दिस जेवले असते.’’ आणि तिनं दर्शनकडून माझ्या वडिलांचा नंबर घेतला. ‘‘भावोजी, तुमच्या पोरानं दर्याला नवस बोललाय. काय अर्दं सोडनार नाय म्हनाला. माज्या कानांनी आयकलंय.’’

मी सिनेमांबद्दल म्हणालो होतो! डिप्लोमाचा विषयच नव्हता! सगळ्यांना सांगून बघितलं. वडील म्हणाले, बोललेला नवस फेडायचा असतो, आणि बोलता बोलता त्यांचा आवाजच बसला, मग मला भांडता येईना. डिप्लोमाला परत बसायचा फॉर्म बाबूकाकांनी आणला. राहिलेल्या विषयांची बेरीज तपासताना विचारलंच, ‘‘हातचा एक धरलास का?’’

त्या बारा मिनिटांपायी मला दीड वर्ष आणि सात विषय पडले.