प्रिन्सचं जावळ

जनावरांचा डॉक्टर म्हटलं की लोकांना वाटतं, याच्याकडे जनावरांचे किस्से असणार. छे! जनावरं बिचारी गप्प तपासून घेतात. किस्से साठतात ते त्यांना घेऊन येणाऱ्यांचे. थळच्या माझ्या दवाखान्याला तर एकटी काशीबाई पुरून उरते.

*

काशीबाई सुकी मासळी विकते. मुंबईतल्या लेकाने, प्रशांतने, हौसेने शित्झू जातीचा कुत्रा घेतला, प्रिन्स. हौस फिटली आणि प्रिन्स आईकडे आला. सोबत सूचना: एसी हवा, रोज ब्रशिंग हवं, आणि केसांना कात्री लावायची नाही, डॉग शोमध्ये उतरवायचाय! काशीबाईच्या घरी पंखासुद्धा विचार करून फिरतो.

*

"चीनच्या राजवाड्यात पाळायचे हे. सिंहासारखे दिसतात म्हणून," मी ज्ञान पाजळलं.

काशीबाईने ते चपटं नाक नीट न्याहाळलं. "त्या राजानं सिंव्ह बगलाच नसंल!"

*

वाळत घातलेल्या बोंबलांवर तिने प्रिन्सला राखणीला बसवलं. साहेबांनी चोख राखण केली. कावळ्यांना एक बोंबील मिळाला नाही. काशीबाईलाही नाही!

*

केस डोळ्यांत जाऊन डोळे लाल झाले. "वर बांधत जा," मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी प्रिन्स अंबाडा आणि अबोलीची वेणी घालून हजर!

"काशीबाई, तो बाप्या आहे!"

"मंग? शोभत न्हाय?"

*

मे महिन्यात मात्र माझी थट्टा आटली. केसांच्या जटा, खाली गोचिडी, प्रिन्स धापा टाकत पडलेला. या नकट्यांना उकाडा सोसत नाही. "आत्ताच्या आत्ता केस काढू, नाहीतर हातचा जाईल." मी खरंच घाबरलो होतो.

"पहिलं केस हायत, डाक्तर. मामाच्या मांडीवरच काढायचं!"

मामा म्हणजे तिचा भाऊ, रेवसचा पांडू. प्रशांतच्या जावळाला तो बोट घेऊन समुद्रावर होता, आलाच नाही. तेव्हापासून बहीण-भावात बोलणं बंद. आणि आज तिने माझ्याच फोनवरून त्याला गाठलं. "भाच्याचं जावळ हाय. येतोस?"

पांडू आला, नवी टोपी घालून. भाचा बघून जरा थबकला. मग मुकाट्याने मांडी घालून बसला आणि प्रिन्सला घेतलं. मी मशीन फिरवलं. काशीबाईने केस ताटात झेलले.

संध्याकाळी प्रिन्स शेपूट हलवायला लागला आणि मला तिच्याकडे जेवायचं आमंत्रण आलं. माझं आणि पांडूचं पान वाढलं होतं, तेवढ्यात प्रशांतचा व्हिडिओ कॉल.

"आई! कोणी भादरला याला? आता शोचं काय?"

"हळू बोल," काशीबाई म्हणाली. "तुझ्या टायमाला आला नव्हता तो. आता आलाय, तर पोटभर जेवू दे."