मेश्रामजींचं वेगळं मंडळ

"कुठचे तुम्ही?" हे मेश्रामजींना विचारायची सोय नव्हती. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे, केंद्र सरकारच्या नोकरीत. पहिल्याच भेटीत मी विचारून बसले आणि चहा गार झाला.

"वहिनी, आमचं घर जागचं हाललं नाही जी. पण आबांच्या वक्ताले तिथं मध्य प्रदेश होता, मी जन्मलो तवा महाराष्ट्र. लगन झालं तवा भंडारा जिल्हा, आता गोंदिया. एकदा वेगळा विदर्भ झाला का सुटलो!"

सुटणार कशातून, हे मला अजूनही नीट कळलेलं नाही. त्यांना तरी कळलं होतं का, देव जाणे.

आमच्या मराठी मंडळात बहुतेक सगळे पुण्या-मुंबईचे. मेश्रामजी "मले" म्हणाले की खसखस पिकायचीच. एका संक्रांतीला कोणीतरी त्यांच्या हातात माईक देऊन म्हणालं, "तुमच्या त्या भाषेत बोला ना, मजा येते!" त्यांनी माईक खाली ठेवला. "कोठी तरी मले हासं न होता बसता आलं पाह्यजे," एवढंच बोलले आणि वेगळं विदर्भ मंडळ काढलं. हॉल तोच, फक्त तिळगूळ दोन टोकांना. मधून जायचं तर कोणाकडचा आधी घ्यायचा, इथपासून घोळ.

पुढच्याच संक्रांतीला मेश्रामजी डबा घेऊन आमच्या टोकाला आले. चेहरा पडलेला.

"काय झालं?"

"तिकडं नागपूरवाले हासतेत. मी 'जी' म्हटलं का म्हणतेत, झाडीतले आले, भंडारा-गोंदियाकडले."

"मग झाडीपट्टीचं तिसरं काढा!" आमचे हे म्हणाले.

"काढलं असतं जी. पण मी आन आमची बायको, दोघंच होतो." चेष्टा त्यांना कळलीच नाही. फार वाईट वाटलं मला.

रिटायर झाल्यावर ते गावी गेले. निघताना लहान मुलासारखे खूश होते. यंदा पौषात फोन आला.

"वहिनी, इथं मले दिल्लीवाले म्हणतेत. मी 'अच्छा' म्हटलं का पोट्टे हासतेत. तुमीच सांगा, मी कोठचा जी?"

काय सांगणार, कप्पाळ! म्हटलं, "असं करा, संक्रांतीला दिल्लीला या. तिळगूळ घ्यायला."

"बिल्कुल!" ते एकदम खुलले.

"पण वहिनी, बसू कोणत्या टोकाले?"