मास्टरजींचं माप

माझी जिवलग मैत्रीण कुंदा आणि मी, नवऱ्यांच्या रेल्वेच्या नोकरीपायी लखनौला आलेल्या. दर शनिवारी आम्ही मानक नगरातून अमीनाबादजवळच्या अनाथाश्रमात मुलींना शिकवायला जायचो. तिथल्या म्हाताऱ्या शिंप्याला सगळे मास्टरजी म्हणत. पान गालात सरकवल्याशिवाय बोलायचे नाहीत, आणि चार वर्षांच्या पोरीलाही 'आप' म्हणायचे.

दिवाळीला सगळ्या मुलींना एकाच ताग्यातले फ्रॉक शिवायचे होते. आम्ही मोठ्या हुशारीने यादी केली: लहान, मधला, मोठा, तीनच मापं! मास्टरजींनी ती अदबीने खिशात ठेवली आणि टेप काढून एकेकीचं वेगळं माप घेत बसले. वर प्रत्येकीला विचारत, "बिटिया, आप जेब किस तरफ़ लेंगी?"

आमच्याशी महिनाभर अवाक्षर न बोललेली एक पोर ताडकन म्हणाली, "दोनों तरफ़!"

फ्रॉक आले त्या शनिवारी ती दोन्ही हात खिशात घालून अंगणभर मिरवत होती. जेवायलासुद्धा हात बाहेर काढेना.

निघताना मास्टरजींनी आमची यादी नीट घडी घालून परत दिली. "आपकी लिखाई बड़ी उम्दा है. सँभालकर रखिएगा."

रिक्षात बसेपर्यंत आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही.