डावं वेगळं, उजवं वेगळं

शहाडला दर्शना शेजवळचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, 'मीरा टेलरिंग'. दोन मशिनं, कटिंगचं एक टेबल आणि ट्रायलसाठी पडदा लावलेला कोपरा, एवढाच पसारा. सहा वर्षांपूर्वी तिच्या आईचं, मीराबाईंचं, कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि एक स्तन काढावा लागला. घरी आल्यावर मीराबाईंनी विहारात जाणं बंद केलं. पांढरी साडी नेसायच्या, आरशासमोर उभ्या राहायच्या आणि पुन्हा घडी घालून ठेवून द्यायच्या. बाजारात मिळणारा सिलिकॉनचा आकार त्यांना जड व्हायचा, घामाने चिकटायचा. मग दर्शनाने ब्लाउजला आतून सुती खिसा लावला आणि त्यात बसेल अशी कापसाची गादी शिवली, वजनाला काचेचे बारीक मणी घालून. तीन ब्लाउज वाया गेले. चौथा घालून मीराबाई पौर्णिमेला विहारात गेल्या आणि पुढच्या ओळीत बसल्या.

हॉस्पिटलातल्या एका नर्सने तो ब्लाउज पाहिला आणि दर्शनाचा नंबर वॉर्डभर फिरला. बायकांचे फोन यायला लागले. माप पाच मिनिटांत सांगून व्हायचं, पण बोलणं तासभर चालायचं. दर्शना फोन खांद्याला धरून ऐकायची आणि मशीन बंद ठेवायची, कारण त्या आवाजात समोरचीचं रडणं ऐकू यायचं नाही. मग एक दिवस टिटवाळ्याहून मेसेज आला, 'मला कोणाशी बोलायचं नाहीये. न बोलता मागवता येईल का?'

दर्शनाने तो मेसेज नवऱ्याला दाखवला. राकेश डोंबिवलीला केमिकल कंपनीत सुपरवायझर. तो म्हणाला, "अगं, त्यात काय एवढं? आमच्या इथल्या एकाची बायको मसाले विकते ऑनलाइन. ते कार्टचं सॉफ्टवेअर घ्यायचं, फोटो टाकायचे, की झालं दुकान."

राकेशच्या त्या 'की झालं'मध्ये दर्शनाचे पुढचे चार महिने गेले.

पहिलं सॉफ्टवेअर तिने स्वतःच निवडलं, सगळे वापरतात म्हणून. त्यात साइझच्या चौकटीत स्मॉल, मीडियम, लार्ज एवढंच मावत होतं. दर्शनाला विचारायचं होतं, ऑपरेशन डाव्या बाजूचं की उजव्या की दोन्ही, छातीचा घेर किती, टाके कुठवर आहेत, काखेत सूज येते का. तिने हेल्पलाइनला फोन लावला.

"मॅडम, प्रत्येक मापाचा वेगळा व्हेरिएंट बनवा," पलीकडचा मुलगा म्हणाला.

तिने बनवायला घेतले. शंभराव्याला सॉफ्टवेअर म्हणालं, यापुढे नाही. तिने पुन्हा फोन लावला.

"मॅडम, तुमचं प्रॉडक्ट स्टँडर्ड नाहीये ना, म्हणून होतंय."

"बाईच स्टँडर्ड नसते हो," दर्शना म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रश्न विचारायची सोय होती. दर्शनाने दोन दिवस बसून सगळे प्रश्न मराठीत लिहिले, दुपारी बाराला दुकान सुरू केलं आणि स्वतःच्याच मोबाइलवर उघडून पाहिलं. ब्लाउजच्या फोटोखाली लाल पट्टी सरकत होती, 'आत्ता सतरा जण हे पाहत आहेत!' कोण सतरा जण? तिने तर अजून कोणाला वेबसाइटचा पत्ताही दिला नव्हता. चौकशी केल्यावर कळलं, तो आकडा सॉफ्टवेअर आपल्या मनानेच टाकतं, गिऱ्हाइकाने घाई करावी म्हणून. ज्या बाईला एका माणसाशीही बोलायचं नाही, तिला हे सतरा जण बघत असल्याचं सांगणार. दर्शनाने त्याच संध्याकाळी ते दुकान बंद केलं.

मग तिने डोंबिवलीच्या अंतराला गाठलं. लहान दुकानांच्या वेबसाइटी करणारी तिशीची मुलगी, हुशार, भरभर बोलणारी. अंतराने तिसरं सॉफ्टवेअर निवडलं. छान दिसत होतं. सगळे प्रश्न नीट बसले, ऑर्डरी येऊ लागल्या. दर्शनाने सुटकेचा निःश्वास टाकला.

तिसऱ्या आठवड्यात कल्याणहून फोन आला. आवाज वयस्कर आणि अगदी स्वच्छ होता.

"मी मंदाकिनी बोलते आहे. मी परवा तुमच्याकडे एक ब्लाउज निवडला होता, पण मापाची खात्री वाटेना म्हणून अर्ध्यातच सोडून दिलं. पार्सल घ्यायला जावईच खाली जातात, म्हणून त्यांचा नंबर घातला होता. आज सकाळी त्यांना तुमचा मेसेज आला. चित्रासकट. 'तुमचा ब्लाउज वाट पाहतोय, विसरलात का?' खाली कोणत्या ऑपरेशननंतरचा, तेही लिहिलेलं होतं. त्यांना मी फक्त गाठ काढली असं सांगितलं होतं."

असा मेसेज जातो हेच तिला माहीत नव्हतं.

तिने अंतराला फोन लावला. "मी असा मेसेज पाठव म्हटलं होतं तुला?"

"नाही ताई, ते ऑटोमॅटिक असतं. कार्टमध्ये वस्तू टाकून जे निघून जातात ना, त्यांना रिमाइंडर. त्याने सेल वाढतो, खरंच. लोक विसरतात."

"त्या विसरल्या नव्हत्या. विसरता येत नाही म्हणून माझ्याकडे आल्या होत्या. बंद कर ते."

दुसऱ्या दिवशी अंतरा स्वतः शहाडला आली आणि दोघींनी मिळून सॉफ्टवेअरची सगळी बटणं उघडली. तेवीस निघाली. ही बघणाऱ्याचा माग ठेवणारी, ही 'हेही आवडेल' म्हणणारी, ही वाढदिवसाला शुभेच्छा देणारी. तेवीसच्या तेवीस पहिल्यापासून चालूच होती. दर्शना एकेक वाचायची आणि म्हणायची, "बंद." अंतरा बंद करायची.

त्याच आठवड्यात दर्शना कल्याणला मंदाकिनीबाईंकडे गेली. बाई सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. त्यांनी पाणी दिलं, खुर्ची दिली. दर्शना माफी मागू लागली तशी त्या म्हणाल्या, "तुमची चूक नाही, असं मी म्हणणार नाही. दुकान तुमचं आहे."

"हो," दर्शना म्हणाली.

"जावई चांगले आहेत. पण त्या दिवसापासून माझ्याशी फार जपून बोलतात. आधी राजकारणावरून भांडायचे माझ्याशी. आता मी काहीही म्हटलं तरी हो म्हणतात. नेमकं तेच मला नको होतं." मग त्या उठल्या. "आता आलाच आहात तर माप घ्या. ते घेर मोजायचं चित्र तुम्ही तिथे टाकलंय, ते काही मला कळलेलं नाही."

दर्शनाने आतल्या खोलीत माप घेतलं. ब्लाउज आठ दिवसांत स्वतः नेऊन दिला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण महिन्याने सॉफ्टवेअरने स्वतःला अपडेट करून घेतलं. दर्शनाने आईच्या नावाने, आईचा नंबर टाकून एक ऑर्डर करून पाहिली होती, सगळं नीट चालतंय ना म्हणून. दोन दिवसांनी मीराबाई मोबाइल लांब धरून वाचू लागल्या, "नमस्कार मीराबाई, तुमच्या नव्या आकाराबद्दल मैत्रिणींना सांगा आणि दहा टक्के सूट मिळवा." वाचून त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. "कोण गं हा?" त्यांनी विचारलं.

तेवीसपैकी नऊ बटणं पुन्हा चालू झाली होती. दर्शनाने अंतराला फोन केला, तेव्हा आवाज चढवण्याइतकीही ताकद तिच्यात उरली नव्हती. "यातलं काहीच नाही असं एखादं शोध," ती म्हणाली. "ज्याला काही येत नाही असं."

अंतराला ते शोधायला पंधरा दिवस लागले. मिळालं ते सरकारी फॉर्मसारखं दिसतं. पांढरं पान, एकाखाली एक प्रश्न, शेवटी पैसे भरायची जागा. मेसेज एकच जातो, 'मीरा टेलरिंगचं पार्सल निघालं आहे.' पार्सलवरही तेवढंच नाव. मापाच्या चित्राऐवजी दर्शनाने टेप कुठून कुठे धरायची ते चार ओळींत लिहिलं आणि आधी मंदाकिनीबाईंना वाचायला पाठवलं. त्यांनी त्यातल्या दोन ओळी बदलायला लावल्या. अंतरा मात्र आपण केलेल्या कामांच्या यादीत हे पान दाखवत नाही. म्हणते, लाज वाटते.

आता महिन्याला चाळीसेक ऑर्डरी त्या पानावरून येतात. दुपारी दोन ते चार फोनही चालू असतो, बोलायचं असेल त्यांच्यासाठी. मध्यंतरी ते पान बनवणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस फोन करून म्हणाला, मॅडम, लवकरच नवं व्हर्जन येतंय, खूप फीचर्स आहेत. दर्शनाने कात्री खाली ठेवली आणि त्याला त्याचं नाव, त्याच्या साहेबांचं नाव आणि नवं व्हर्जन येण्याची तारीख विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवली.